पेंगीचा आवाज

तिला पेंगी हे नाव शाळेतल्या एका बाईंनी दिलं. ती वर्गात जागी असायची, विचारलं तर उत्तरही बरोबर द्यायची. पण ते असं यायचं की जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपेत बोलतंय. बाईंनी एक दिवस वैतागून विचारलं, जागी आहेस की पेंगतेयस? तिने तितक्याच सावकाश सांगितलं, जागी आहे. वर्ग पोट धरून हसला आणि नाव चिकटलं. पुढे कार्यक्रमांच्या पोस्टरवरही तेच छापलं गेलं. खरं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं.

शिक्षण जेमतेम झालं. मग ती पडद्यांच्या एका दुकानात शिवणकामाला लागली. पुढे गिऱ्हाइकांसाठी चकचकीत दालन, मागे शिलाई मशिनांची खोली आणि तिच्याही मागे कापडाचं कोठार. तिथे जमिनीपासून छतापर्यंत गठ्ठेच गठ्ठे: मखमल, जाळी, अस्तर, ऊन अडवणारं जाडंभरडं कापड. मालकांना सगळे काका म्हणत. काका तोंडाने फटकळ, पण कुणाच्या पोटावर पाय देणारे नव्हते. पेंगीकडे पडद्यांना खालची दुमड घालायचं काम होतं. लांबच लांब सरळ टीप. त्याला हात लागतो, डोकं लागत नाही, आणि डोकं रिकामं राहिलं की तिच्या तोंडून गाणं निघायचं.

दुपारच्या सुट्टीत ती कोठारात जाऊन गायची. तिथे आवाज कुठे आपटत नाही, परत येत नाही. तोंडातून निघाला की कापडात मुरला. दुसऱ्या एखाद्याला अशा जागी आपला गळाच गेला असं वाटलं असतं. तिला ते आवडायचं. मोठ्याने गाऊन उपयोग नाही हे कळल्यावर तिने आवाज लहानच ठेवला. ओळ संपता संपता श्वास सोडून द्यायचा, शेवटचं अक्षर अर्ध्यावर ठेवायचं आणि पुढच्या ओळीची घाई करायची नाही. हीच पुढे तिची ओळख झाली. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही बाई स्वप्नात आहे आणि आपण तिच्या उशाशी बसलोय.

गाणी अर्धी तिची, अर्धी आईची. आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणायची. चाली तिला ढिगाने पाठ होत्या, शब्द मात्र एकीचेही धड आठवायचे नाहीत. आजीकडून, पणजीकडून आलेल्या त्या चाली. बाळाला निजवण्याच्या, दळताकांडतानाच्या, कुणाची तरी वाट बघण्याच्या. शब्दांच्या जागी आई नुसतं ‘ना ना’ म्हणून वेळ मारून न्यायची. आई गेल्यावर त्या चाली घरात तशाच रिकाम्या राहिल्या, आणि पेंगी त्यांत आपले शब्द भरू लागली.

*दार लोटून ठेव, कडी नको लावू,*
*येईन तेव्हा येईन मी.*

असलं काहीतरी. साधंच. पण तिने ते गायलं की माणसं हातातलं काम थांबवायची.

गिटार वाजवायचा तो दादा. तिचा थोरला भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा, नाकासमोर चालणारा माणूस. नखांतलं वंगण कितीही घासलं तरी जायचं नाही. कुणा कामगाराकडून घेतलेली जुनी गिटार होती, मानेजवळ चिरलेली; तिथे त्याने काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. त्याला येत होतं ते थोडंच, पण जे येत होतं ते तो कधी चुकवत नसे. अंगठा जाड तारेवर ठेवायचा आणि दोन बोटांनी बारीक तारा इतक्या हळू छेडायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आता थांबला. थांबायचा नाही. पेंगी म्हणायची, दादा वाजवतो तेव्हा मला पाठीमागे भिंत असल्यासारखं वाटतं, टेकून गाता येतं.

दादाचं लग्न झालं, वहिनी आली. वहिनी दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती, हुशार आणि कमी बोलणारी. तिला गाण्यातलं काही कळत नाही असं ती स्वतःच सांगायची, पण भावा-बहिणीचा सराव सुरू झाला की भाजी निवडायला बरोबर त्याच खोलीत येऊन बसायची. मग भाची झाली. तिला निजवायलाही हीच गाणी. पोरगी इतकी पटकन झोपायची की दादा म्हणे, आपला धंदा चालणार बघ, पहिलं गिऱ्हाईक तर आडवं झालं.

धंदा खरंच चालला. काकांची परवानगी काढून दोघांनी सुट्टीच्या दिवशी कोठारातच गाणी रेकॉर्ड केली. दादाच्या ओळखीच्या एकाने यंत्र आणलं होतं. तो म्हणाला, एवढी शांत खोली स्टुडिओतही मिळत नाही. त्यातलं ‘दार लोटून ठेव’ रेडिओवर लागलं आणि मग पुन्हा पुन्हा लागू लागलं. आधी वाचनालयातले छोटे कार्यक्रम, मग कॉलेजं, मग तिकीट लावून मोठी सभागृहं. दोघं स्टेजवर लाकडी खुर्च्यांवर बसायचे. पेंगी डोळे मिटून गायची, दादा तिच्याकडे बघत वाजवायचा. मध्ये बोलायचं असलं तर तोच बोलायचा. म्हणायचा, मी लिफ्टवाला आहे, माणसं वर नेऊन सोडतो. ही खाली आणते, हळूहळू. लोक हसायचे. काकांनी पेंगीला अर्धा दिवस काम ठेवलं आणि दालनात तिचं पोस्टर लावलं. गिऱ्हाइकांना ते अभिमानाने सांगायचे की ही आमच्याकडे दुमडी घालते.

दादा गेला तो एका साध्या दुपारी. कामावर होता, डोकं दुखतंय म्हणाला, जिन्यावर बसला आणि तिथेच कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पेंगीला दुकानात फोन आला तेव्हा तिच्या मशिनवर एक निळा पडदा होता. तिने फोन ऐकला, बरं म्हणाली, ठेवला. मग बसून उरलेली टीप पूर्ण केली. शेवटी दोरा उलटा नेऊन पक्का केला, कात्रीने तोडला, पडदा घडी करून बाजूला ठेवला आणि मग काकांना सांगितलं की दादा गेला, मी जाते. काकांच्या हातातला चष्मा खाली पडला. तो तिनेच उचलून दिला.

दवाखान्यात वहिनी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. पेंगी तिच्याशेजारी बसली. तिला रडू यायला हवं हे तिला कळत होतं, जसं पाहुणे आले की उठायला हवं हे कळतं. पण उठवत नव्हतं. समोरच्या खिडकीचा पडदा एका बाजूने लोंबत होता, दोन कड्या निसटल्या होत्या. ती तेच बघत राहिली.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं. मावशी येऊन राहिली होती. ती पेंगीची पाठ चोळायची आणि म्हणायची, रड गं, मोकळी हो. नातेवाईक म्हणाले, पोरगी फार खंबीर. पेंगीने कुणाचं खोडून काढलं नाही. खंबीर असणं म्हणजे काहीतरी धरून ठेवणं. तिच्या हातात धरायला काही नव्हतंच. जेवणाला चव नव्हती, पण भूक लागायची आणि ती जेवायची. झोपही लागायची. अंगावरून कुणीतरी जाड कापड टाकलंय आणि पलीकडे सगळं नेहमीसारखं चालू आहे, असं वाटायचं.

महिनाअखेरीस एक कार्यक्रम आधीच ठरलेला होता. आयोजकांनी आपणहून सांगितलं की रद्द करू, काही वाटून घेऊ नका. ती म्हणाली, करू. का करू, हे तिला सांगता आलं नसतं. नाही म्हणायलाही थोडा जोर लागतो, तेवढाही नव्हता. वहिनीकडून तिने दादाची गिटार मागून घेतली. जुजबी वाजवायला त्याने तिला शिकवलं होतंच. स्टेजवर या वेळी एकच खुर्ची होती. ती बसली, गायली. पुढच्या रांगेतला एक मिशाळ माणूस तोंडावर रुमाल धरून हमसत होता. पेंगी त्याच्याकडे बघून गात होती आणि मनात म्हणत होती, याला काय झालं असेल?

त्या कार्यक्रमावर एका वर्तमानपत्रात लेख आला. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं, हे जागेपणी पडलेलं स्वप्न आहे. दुःख इतक्या दूरवर नेऊन ठेवणारा आवाज आम्ही ऐकला नव्हता. काकांनी तो लेख काचेत मढवला. आणि मग तिला बोलावणी येऊ लागली ती थांबेचनात. गाण्यांचा दुसरा संच निघाला, या वेळी खऱ्या स्टुडिओत. तो पहिल्यापेक्षाही गाजला. आवाज आधीच हलका होता, आता तर हवेसारखा झाला होता; शब्द कुठे संपतो आणि श्वास कुठे सुरू होतो ते कळायचं नाही. लोक याला तिची कला म्हणायचे. रेडिओवरच्या एका बाईंनी विचारलं, एवढी तंद्री कशी लागते? पेंगी म्हणाली, लागत नाही, असतेच. ते उत्तरही लोकांना फार आवडलं.

ती गावोगाव फिरली. लॉजच्या खोल्या, पिवळा दिवा, पातळ टॉवेल, खिडकीला कुणीतरी आखूड शिवलेला पडदा. सकाळी बस, संध्याकाळी स्टेज. टाळ्या वाजल्या की ती मान झुकवायची. वहिनीकडे जाणं कमी होत गेलं. ठरवून नाही, आज नको उद्या, करता करता. फोनवर भाची आत्या आत्या करायची, शाळेतलं काही सांगायची. पेंगी हं म्हणायची. पोरीने काय सांगितलं ते फोन ठेवताक्षणी विसरायची.

अशाच एका गावात कार्यक्रमानंतर शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई भेटायला आल्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या की मुलांना तारांची ओळख करून द्यायची तर शाळेत एकही धड वाद्य नाही. पेंगीने शेजारी ठेवलेली गिटार उचलली आणि त्यांच्या हातात दिली. म्हणाली, ही घ्या. बाई नको नको म्हणाल्या. भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. पुढच्या कार्यक्रमाला तिने दुसरी कुठली तरी गिटार मागवली आणि ती चांगली वाजली.

दिवस गेले. एका दुपारी वहिनी दुकानात आली. पेंगी मशिनवर होती. कार्यक्रम नसले की ती अजूनही कामाला यायची, कारण घरी करण्यासारखं काही नव्हतं. वहिनी स्टूल ओढून बसली. कशी आहेस, बरी आहे, झालं. मग वहिनी म्हणाली की पोरगी मागे लागलीय, तिला बाबांची गिटार शिकायचीय, कधी न्यायला येऊ?

"दिली मी ती," पेंगी म्हणाली.

"कुणाला?"

"एका शाळेतल्या बाईंना. त्यांच्याकडे नव्हती."

मशीन बंद झालं होतं. पलीकडच्या दोघी शिवणाऱ्या बायका एकाएकी दोरा ओवायच्या मागे लागल्या. वहिनी चिडली नाही, ओरडली नाही. मग तिने कामावर पेशंटला सांगावं तशा आवाजात सांगितलं,

"आमच्याकडे दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात. मग मी पेशंटला बजावते, बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नका. माणूस ऐकत नाही. घरी जाऊन जेवायला बसतो आणि स्वतःचाच गाल चावतो. रक्त येतं तरी त्याला पत्ता नसतो. वाटतं, घास आहे." ती उठली. "तू केव्हापासून चावतेयस, पेंगी. आणि गाल तुझ्या एकटीचाच नाही."

ती गेली. पेंगीने मशीन सुरू केलं. थोडं शिवल्यावर तिच्या लक्षात आलं की टीप वाकडी जातेय. इतक्या वर्षांत तिची टीप वाकडी गेली नव्हती. तिने ती उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी. काका येऊन बघून गेले आणि थोड्या वेळाने म्हणाले की आज घरी जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसने त्या गावाला निघाली. दिलेली वस्तू परत मागायला जायचं म्हणजे तोंड कसं दाखवायचं, असं माणसाला वाटतं. तिला तेही वाटत नव्हतं. कुठल्या शाळेत, हेसुद्धा नीट आठवत नव्हतं. दोन शाळांत विचारलं, तिसऱ्या ठिकाणी बाई भेटल्या. खडूने पांढरे झालेले हात, नाकावर घसरलेला चष्मा. तिला बघून त्या दचकल्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि तिने तोंड उघडायच्या आधीच लोखंडी कपाटाला किल्ली लावली. गिटार आत उभी होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली. तारा सैल करून ठेवल्या होत्या, मान वाकू नये म्हणून.

"मुलांना नाही दिली मी," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही दिलीत, पण माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. बसमध्ये शेजाऱ्याच्या हातात छत्री द्यावी, जरा धरा म्हणून, तशी दिलीत. अशी दिलेली वस्तू आपली होत नाही. म्हटलं, राहू दे. येतील."

पेंगीने गिटार हातात घेतली. काळ्या चिकटपट्टीची एक कड सुटून वर आली होती. तिने ती अंगठ्याने दाबून बसवली, पुन्हा वर आली, पुन्हा दाबली. आभार मानायला हवेत हे तिला आठवलं आणि तिने मानले. बाई म्हणाल्या, सवड झाली की मुलांसाठी एकदा येऊन गा. ती येईन म्हणाली, आणि पुढे खरोखरच गेली.

परतीच्या बसला गर्दी होती. गिटार मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली होती. कंडक्टर आला, म्हणाला, बाई, ते सामान वर टाका, माणसांना उभं राहायला जागा नाही. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं आणि मदत म्हणून स्वतःच हात घालून गिटारची मान धरली.

"हात लावू नका," ती म्हणाली.

आवाज एवढा मोठा होता की पुढचा ड्रायव्हरही आरशात बघू लागला. ज्या बाईला ऐकायला लोक कान टवकारून बसायचे, तिचा तो आवाज सगळ्या बसला ऐकू गेला. कंडक्टर गोंधळला. म्हणाला, अहो, चिडताय कशाला, धरा तुमचं. तो पुढे गेला. पेंगीने गिटार दोन्ही हातांनी धरली होती. ती ते हात बघत बसली, जणू शेजारणीचे आहेत. पण आलेला राग तिचाच होता, आणि तो उतरायच्या थांब्यापर्यंत गेला नाही.

गिटार तिने वहिनीच्या घरी नेऊन दिली. भाचीने ती बाजेवर आडवी ठेवली आणि सगळ्या तारा एकदम ओढल्या. कर्कश आवाज झाला. वहिनीने विचारलं, जेवणार? ती जेवली.

त्यानंतरच्या कार्यक्रमात ती दुसऱ्याच गाण्याला अडली. शब्द आठवत होते, सूर आठवत होता. पण मागे टेकायला गेल्यासारखं झालं आणि मागे काही नव्हतं. वर्षभराहून जास्त ती तशीच टेकत आली होती आणि पडली नव्हती. त्या संध्याकाळी पडली. लोक शांत बसून राहिले, त्यांना वाटलं हाही गाण्याचाच भाग आहे. तिने माफ करा म्हटलं आणि उठून आत गेली. पुढचे कार्यक्रम तिने कळवून रद्द केले.

रडू एकदम आलं नाही. ते हप्त्याहप्त्याने आलं, आणि तेही भलत्या जागी. एकदा खिडक्यांची मापं घ्यायला ती एका उंच इमारतीत गेली होती. लिफ्टमध्ये शिरल्यावर दार लागलं, आणि ती वरच्या मजल्यापर्यंत रडत गेली, मग तशा तोंडाने बाहेर पडता येईना म्हणून पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली. वॉचमनने विचारलं, ताई, लिफ्ट बिघडलीय का? ती म्हणाली, नाही, छान चालते. मधले कितीतरी दिवस मात्र तसेच कोरडे जायचे. सकाळी उठल्यावर ती थोडा वेळ पडून राहायची आणि आज कोरडा दिवस आहे की ओला, ते चाचपून बघायची. कधी हाताला काही लागायचं, बहुतेक वेळा नाही.

कालांतराने तिने पुन्हा गायला सुरुवात केली. छोट्या जागी, थोड्या लोकांसमोर. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. मध्येच घोगरा व्हायचा, एखादा शब्द अंगावर आल्यासारखा नको तेवढा स्पष्ट निघायचा. जुने चाहते येऊन गेले, काही पुन्हा आले नाहीत. एक जण तिला तोंडावरच म्हणाला, ते स्वप्न गेलं हो तुमचं. ती म्हणाली, गेलं खरं. दुसऱ्या संचाबद्दल लोक अजून बोलतात, रेडिओवर तोच लागतो. ती तो ऐकत नाही. दुकानात लागला तर काका मुकाट्याने बटण फिरवतात.

रविवारी ती वहिनीकडे जाते. भाची आता बऱ्यापैकी वाजवते, बापापेक्षा जलद, आणि हळू वाजव म्हटलं तर तोंड फुगवते. मागच्या रविवारी पेंगीने एक नवीन गाणं म्हणून दाखवलं. भरल्या बसमध्ये उभ्या असलेल्या बायकांचं. त्याची चाल आईची नव्हती, कुणाचीच नव्हती, कुठून आली ते तिलाही ठाऊक नव्हतं. वहिनी कपड्यांना बटणं लावत ऐकत होती. गाणं संपल्यावर तिने दातांनी दोरा तोडला.

"मला गाण्यातलं कळत नाही," ती म्हणाली, "पण मधलं कडवं लांबलंय."

पेंगीने मनातल्या मनात म्हणून बघितलं. लांबलं होतं. तिने ते काढून टाकलं आणि भाचीला म्हणाली, पहिल्यापासून घे.